हातात लाईट धरणाऱ्या पोरांना शिकवा

प्रति,
सांगली जिल्ह्यातले सर्व स्टुडिओचालक, लग्नकार्याच्या ऑर्डरी घेणारे फोटोग्राफर
आणि तालुक्या-तालुक्यांतल्या फोटोग्राफर संघटनांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीतल्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेली माझी बरीच मुलं दहावी-बारावी झाली की तुमच्याकडे येतात. कुणी मिरजेच्या स्टुडिओत लागतं, कुणी विट्याला, कुणी तासगाव-पलूसच्या बाजूला लग्नाच्या ऑर्डरींवर असिस्टंट म्हणून जातं. लाईट धरायचा, स्टँड उचलायचे, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, ड्रोनची पेटी सांभाळायची, रात्री मेमरी कार्डं रिकामी करायची. कष्टाचं काम आहे आणि ही मुलं ते मनापासून करतात. तुम्ही त्यांना काम दिलंत, घरी न्यायला पैसे दिलेत, त्याबद्दल त्यांची शिक्षिका म्हणून मी तुमची ऋणी आहे.

मात्र सीझनमागून सीझन तुमच्या शेजारी लाईट धरून उभ्या राहिलेल्या मुलाला मी विचारते, 'लाईट तिथंच का धरलास?' तेव्हा उत्तर येतं, 'दादा म्हणाले तिथं धर.' त्यापुढे काही नाही. हे पत्र त्या उत्तरामुळे लिहिते आहे. तुमच्या हाताखालच्या या पोरांना तुम्ही ठरवून, वेळ काढून शिकवावं, एवढंच मला तुमच्याकडे मागायचं आहे.

ही मुलं कोरी नसतात. वस्तुचित्राच्या पेपरला समोर तांब्या, दोन वांगी, घडीचं कापड मांडलेलं असतं. उजेड खिडकीतून एका बाजूनं येतो. तांब्यावर चकाकता ठिपका कुठं पडला, गोलाई कुठून अंधारत गेली, हे मुलं बघतात. सगळ्यांत गडद भाग अगदी कडेला नसतो, कडेच्या जरा आत असतो, कारण टेबलावरून परतलेला उजेड कडेला पुन्हा थोडी उजळवतो. पडछाया वस्तूपाशी ठळक असते आणि लांब जाईल तशी पुसट होते. हे सगळं त्यांनी पेन्सिलीनं तासन्‌तास गिरवलेलं असतं. नवरीच्या गालावर याहून वेगळं काही घडत नाही. म्हणजे डोळा अर्धा तयार होऊन तुमच्याकडे येतो. त्याला उरलेलं अर्धं सांगणारं माणूस हवं असतं, आणि ते सांगण्याची ताकद आमच्या शाळेत नाही, तुमच्यात आहे.

तुम्हाला काय येतं हे मी शाळेच्या कार्यक्रमांत, नात्यागोत्यातल्या लग्नांत जवळून पाहिलेलं आहे. एकच प्रसंग घेते. नवरा-नवरी शेजारी उभी आहेत आणि लाईट नवरीच्या बाजूनं अगदी जवळ धरलेला आहे. नवरी लाईटपासून तीन फुटांवर, नवरा सहा फुटांवर. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून नवरी उजळून निघते आणि नवरदेव अंधारात जातो. तोच लाईट मागे नेला, नवरी बारा फुटांवर आणि नवरा पंधरा फुटांवर आला, तर दोघांवरच्या उजेडातला फरक चौपटीवरून दीडपटीच्या आसपास उतरतो. दोघंही सारखी दिसायला लागतात. पण लाईट लांब नेला की तो लहान होतो, म्हणजे चेहऱ्याच्या मानानं लहान होतो, आणि सावल्या कडक पडतात. मग मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी, लावायचा, की छत्रीवरून परतवायचा, की पांढऱ्या भिंतीवर मारायचा, हा निर्णय तुम्ही दोन सेकंदांत घेता आणि मुलाला नुसतं 'मागं सरक' म्हणता. त्या दोन शब्दांमागचं सगळं गणित त्याला एकदा, फक्त एकदा, जोडपं नसताना रिकाम्या हॉलमध्ये दोन खुर्च्या मांडून दाखवा. तो आयुष्यभर विसरणार नाही. पुढच्या लग्नात तुम्ही बोलायच्या आधी तो मागं सरकलेला असेल.

हळदीच्या कार्यक्रमाचंही तसंच. पिवळ्या साड्या, झेंडूच्या माळा, पिवळा मांडव, अंगाला हळद. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारा हिशेब, एवढा पिवळा रंग बघून गडबडतो, तो मारायला निळसर बाजूला झुकतो, आणि माणसांची कातडी मातकट दिसायला लागते. आपला जिल्हा हळदीच्या बाजारपेठेचा. सांगलीची हळद २०१८ पासून भौगोलिक मानांकन मिरवते. त्या हळदीचा रंग आपल्याच लग्नांच्या अल्बममध्ये खोटा दिसावा, हे मला फार लागतं. राखाडी कार्ड कशासाठी असतं आणि व्हाइट बॅलन्स हातानं कसा बांधायचा, हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात.

मंगल कार्यालयातल्या एलईडी दिव्यांमुळे फोटोत काळे-पिवळे आडवे पट्टे येतात. मुलांना वाटतं कॅमेरा बिघडला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे साधा दिवा सेकंदात १०० वेळा कमीजास्त होतो. शटरचा वेग सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० ठेवला की पट्टे बहुतेक जातात. स्टेजमागच्या एलईडी वॉलची लय वेगळी असते, तिथं एकेक स्पीड लावून बघावा लागतो. हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण कधीतरी एखादी अख्खी वरात पट्ट्यांसकट टिपली गेली आणि पाहुण्यांपुढे तुमची मान खाली गेली. ते शिक्षण तुम्हाला फार महाग पडलं. या मुलांना ते स्वस्तात मिळू द्या.

आणि पांढरी टोपी. आपल्या भागातली म्हातारी माणसं पांढरी टोपी, पांढरं धोतर नेसून लग्नाला येतात आणि चेहरे उन्हात रापलेले असतात. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडीला आणू बघतो, पांढरं जास्त दिसलं की फोटो अंधारा करतो, आणि आजोबांचा चेहरा टोपीखाली हरवतो. उजेड मापायचा चेहऱ्यावर, टोपीवर नाही. फार साधी गोष्ट आहे, पण ती न सांगितल्यामुळे किती घरांत आजोबांचा शेवटचा फोटो नुसत्या टोपीचा उरला असेल.

इथं मला थोडं कडक बोलायचं आहे. 'जरा गोरी करून द्या' ही मागणी तुम्हाला रोज येते, हे मला माहीत आहे. पूर्वीच्या स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं टचिंग करून हेच होत असे, आता एका स्लायडरवर होतं. जत-आटपाडीची सावळी, देखणी मुलगी अल्बममध्ये पिठासारखी पांढरी झालेली मी पाहिली आहे. मान आणि हात वेगळ्या रंगाचे, चेहरा वेगळा, नाकाची धार गेलेली. एडिटिंगला बसवलेल्या मुलाला तुम्ही पहिलं काय शिकवता याला म्हणून महत्त्व आहे. तो पहिल्याच दिवशी कातडी उजळायला शिकला, तर सावळ्या रंगात किती छटा असतात हे त्याला कधीच दिसणार नाही. वस्तुचित्रात वांग्याचा जांभळा रंग मिळवण्यासाठी ज्यानं चार वेळा रंग कालवले, त्याला आपल्याच माणसांचा रंग खोडायला लावू नका. गिऱ्हाईकाशी बोलणं तुमचं काम आहे. सावळ्या चेहऱ्याला बाजूनं मऊ उजेड दिला तर तो असा खुलतो की घरचे लोक स्लायडरचं नाव काढत नाहीत, हे तुमच्यातल्या जुन्या माणसांनी स्वतः करून दाखवलेलं आहे.

आता तुमच्या मनातली अडचण. तुमच्यापैकी काहींशी हा विषय मी काढला तेव्हा ती मोकळेपणानं बोलून दाखवली गेली. 'मॅडम, आज शिकवलं की उद्या हाच पोरगा ईएमआयवर कॅमेरा घेतो आणि आमच्यापेक्षा कमी रेटनं ऑर्डर उचलतो.' ही भीती खोटी नाही. तिथीची लग्नं मोजकी, कॅमेऱ्यांच्या किमती मोठ्या, त्यात घरोघरी फोन. तुमच्या पोटाचा प्रश्न आहे, तो मी हलका धरत नाही.

तरी नीट बघा, रेट कोण पाडतं? ज्याला काम येतं तो पाडत नाही. ज्याला नुसता कॅमेरा चालवता येतो, त्याच्याकडे गिऱ्हाईकाला सांगायला किमतीशिवाय दुसरं काही नसतं, म्हणून तो किंमत पाडतो. तुम्ही शिकवलं नाही म्हणून तो स्वतंत्र व्हायचा थांबत नाही. तो होतोच, फक्त अर्धवट होतो. फोनवर चार व्हिडिओ बघून, तुमच्याकडे दोन सीझन लाईट धरून, तिसऱ्या सीझनला तो कार्ड छापतो. अशी अर्ध्या शिक्षणाची माणसं गावोगाव झाली की गिऱ्हाईकाच्या मनातच कामाची किंमत उतरते आणि चांगल्या कामाचे चांगले पैसे मागणं तुम्हालाच अवघड जातं. पूर्ण शिकलेला मुलगा मात्र आपल्या कामाचा रेट राखतो, कारण आपण काय देतो हे त्याला सांगता येतं. तुमच्या धंद्याचं रक्षण व्हायचं असेल तर ते या मुलांच्या शिकण्यातूनच होईल असं मला मनापासून वाटतं.

आपल्याच जिल्ह्यात याचं उदाहरण आहे. खानापूर-आटपाडीकडची गलई कामगार मंडळी सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगली. ती शिकली कुठं? गावातल्याच कुणाच्या तरी हाताखाली, परगावच्या भट्टीवर. ज्यानं शिकवलं त्याचा धंदा बुडाला असता तर एवढा विस्तार झालाच नसता.

आणि मिरज. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. ज्या काळात विद्या गुरूच्या घराबाहेर सहसा जात नव्हती, त्या काळात त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग भरवले, स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली. त्यामुळे गाण्याची किंमत कमी झाली का? उलट, ज्या घरांत गाणं शिकणं कमीपणाचं मानलं जाई, त्या घरांतली मुलं-मुली तानपुरा घेऊन बसू लागली. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गाणं शिकणारी आणि वाजवणारी माणसं वाढली, तशी या कारागिरांच्या वाद्यांना मागणी लागली असणार.

तुमच्या कलेचा इतिहासही हेच सांगतो. दरवर्षी १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनी, तुम्ही कॅमेरा पूजन करता, ज्येष्ठांचे सत्कार करता. १८३९ साली त्या तारखेला पॅरिसमध्ये काय झालं? लुई दागेर या फ्रेंच कलावंताची फोटो काढण्याची पद्धत, तोवर गुपित असलेली, भर सभेत तपशीलवार सांगितली गेली. फ्रेंच सरकारनं दागेरला आणि त्याच्या दिवंगत भागीदाराच्या, निएप्सच्या, मुलाला आयुष्यभराचं निवृत्तिवेतन देऊन ती पद्धत आपल्याकडे घेतली आणि लोकांसाठी खुली केली. इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं होतं, तेवढा अपवाद. म्हणजे तुम्ही ज्या दिवशी कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहता, तो या कलेचं गुपित उघडं केल्याचा दिवस आहे. ज्यानं शोधलं त्याच्या पोटाची सोय आधी झाली आणि मग विद्या सर्वांची झाली, हा क्रमही मला फार योग्य वाटतो. त्याबद्दल पुढे बोलते.

आपल्याकडे मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास फोटोग्राफीचा वर्ग भरत होता. तिथं शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामांकित फोटोग्राफर झाले. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले. कुणीतरी वर्ग उघडून बसलं होतं म्हणून ही माणसं घडली.

आज वर्ग नाहीत असं नाही. मुंबई-पुण्याच्या कला महाविद्यालयांत फोटोग्राफी शिकता येते, आयटीआयच्या अभ्यासक्रमांच्या यादीतही डिजिटल फोटोग्राफरचा ट्रेड आहे. पण ज्या मुलाच्या घरी त्याच्या हजेरीच्या पैशावर किराणा येतो, तो पुण्याला खोली करून राहू शकत नाही. त्याचं महाविद्यालय तुमचा स्टुडिओ आहे. दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा होतात, कंपन्यांची माणसं येतात, नवीन बॉडी आणि लेन्स हातात देतात, एखादी मॉडेल उभी करून सगळे मिळून तिचे फोटो काढतात. मुलं तिथून आनंदानं येतात आणि त्यांच्या डोक्यात पुढच्या कॅमेऱ्याची इच्छा भरलेली असते. मला त्या कार्यशाळांचं फार कौतुक नाही. तिथं लाईट दुसऱ्यानं लावलेला असतो, जागा दुसऱ्यानं ठरवलेली असते, मुलानं फक्त बटण दाबलेलं असतं.

शिकवायचं कसं, हे तुम्हाला सांगण्याचा अधिकार माझा नाही, पण वर्गात उभं राहून जे कळलं ते सांगते. एका ऑर्डरीला एकच गोष्ट शिकवा. आज फक्त चष्मा. चष्म्यावर लाईट चमकला तर काय करायचं? लाईट वर घ्यायचा, बाजूला घ्यायचा, किंवा जुन्या स्टुडिओवाल्यांची युक्ती, चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचलायच्या म्हणजे काच खाली झुकते आणि चमक निघून जाते. दिवसभर त्यानं फक्त चष्मेवाली माणसं बघावीत. पुढच्या वेळी फक्त पार्श्वभूमी. त्यापुढे फक्त हात, कारण लग्नात हातांइतकं बोलणारं दुसरं काही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड रिकामं केल्यावर अर्धा तास त्याला शेजारी बसवा. तुम्ही काढलेले फोटो एकामागून एक बघताना कुठला ठेवला आणि कुठला टाकला, आणि का, हे मोठ्यानं बोला. एवढ्यानंच अर्धं शिक्षण होतं. अंतरपाट बाजूला होतानाचे वीस फोटो असतात. त्यातल्या एकातच नवरीची नजर वर उचललेली आणि अजून लाजेनं खाली न गेलेली असते. तो एक ओळखता येणं म्हणजे फोटोग्राफी येणं. आता निवड करणारी सॉफ्टवेअरं आली आहेत, ती डोळे मिटलेले आणि हललेले फोटो बाजूला काढतात. पण बापानं कन्यादानाच्या वेळी डोळे मिटलेले असतात, तोच फोटो घराला हवा असतो. हे त्या मुलाला कोण सांगणार?

टायमिंगही शिकवता येतं. मंगलाष्टकाचं शेवटचं 'सावधान' सुरू झालं की फ्लॅश चार्ज हवा, पाय रोवलेले हवेत, श्वास धरलेला हवा. अक्षता हवेत थांबलेल्या दिसतात त्या फ्लॅशच्या क्षणभराच्या लखलखाटामुळे, शटरमुळे नव्हे. मुलाला हे समजलं की तो लाईट धरताना हात हलू देणार नाही.

फोनचं वावडं धरू नका, ही आणखी एक विनंती. मुलांकडे कॅमेरा नसतो, फोन असतो. फोन रात्रीच्या फोटोत अनेक फ्रेम एकमेकींवर बसवतो, पोर्ट्रेट मोडमध्ये मागचा भाग हिशेबानं धूसर करतो आणि त्यात मुंडावळ्यांच्या बारीक लडी खाऊन टाकतो. हे मुलाला दाखवा. तो फोन आणि लेन्स यांतला फरक डोळ्यानं शिकेल, जाहिरातीतून नाही. आणि उजेड, जागा, क्षण यांचा अभ्यास फोनवरही होतो. सकाळी साडेसहाला कृष्णेच्या घाटावर, दुपारी मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला, संध्याकाळी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळे टांगलेल्या दुकानात त्याला पाठवा. एक अट घाला की एका ठिकाणी तासभर थांबायचं आणि तिथल्या माणसाशी बोलल्याशिवाय, त्याला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. सतार घासणाऱ्या कारागिराशी दहा मिनिटं बोललेल्या मुलाचा फोटो आणि लांबून झूम करून काढलेला फोटो शेजारी शेजारी ठेवा. त्याला सांगायला काही उरणार नाही.

मुलींबद्दल. माझ्या वर्गातल्या सगळ्यांत नेटक्या रेषा मुलींच्या असतात, आणि तुमच्याकडे असिस्टंट म्हणून मुलगी जवळजवळ दिसत नाही. रात्रीची लग्नं, उशिरा परतणं, घरच्यांची काळजी, ही कारणं खरी आहेत. पण डोहाळजेवण दुपारी असतं. बारसं दुपारी असतं. नवरीची तयारी चालू असलेल्या खोलीत पुरुष फोटोग्राफर गेला की बायका पदर सावरून बसतात आणि फोटो अवघडलेले येतात, हे तुम्हीही अनुभवलेलं आहे. तिथं मुलगी असेल तर जे फोटो मिळतील ते तुमच्यापैकी कुणालाच आजवर मिळालेले नाहीत. दोन मुली एकत्र घ्या, परतीची गाडी ठरवून द्या, पालकांशी आधी बोला. पालकांशी बोलायला मी येईन.

तुमच्यातल्या ज्येष्ठांसाठी स्वतंत्र लिहिते. ज्यांनी डार्करूममध्ये हात भिजवले आहेत, लाल दिव्याखाली कागदावर चेहरा उमटताना पाहिला आहे, डेव्हलपरमधून कधी काढायचा हे डोळ्यानं ठरवलं आहे, ती पिढी आता साठी-सत्तरीत आहे. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये अख्खं लग्न बसवताना जी शिस्त लागली, ती हजारो फोटो काढणाऱ्या मुलाला पुस्तकातून येणार नाही. तुमच्या माळ्यावर निगेटिव्हच्या पेट्या आहेत. २००५ चा पूर आला, २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला पुन्हा आलं. किती दुकानांतल्या पेट्या चिखलात गेल्या त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि त्यात या शहराचे चेहरे होते. ज्या उरल्या आहेत त्या वरच्या मजल्यावर न्या. एक-दोन मुलांना बसवून त्यांचे स्कॅन करून घ्या आणि करताना त्यांना सांगा की हा उजेड कुठून घेतला होता. भिजलेले प्रिंट एकमेकांना चिकटून वाळू द्यायचे नसतात, स्वच्छ गार पाण्यात अलगद सुटे करून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत सुकवायचे असतात. एवढं जरी आपल्या प्रत्येक स्टुडिओतल्या पोराला माहीत असलं, तर पुढच्या पुरात काही घरांचे फोटो वाचतील.

पैशाचं बोलते. शिकवतो म्हणून हजेरी कापू नका. शिकणारा मुलगा रात्री दोनपर्यंत राबतो, त्याचे पैसे वेळेवर आणि पूर्ण द्या, आणि त्यानं काढलेला फोटो अल्बममध्ये गेला तर ते त्याला सांगा. तुमचंही नुकसान होऊ नये. वर्षातून काही दिवस तुम्ही नुसतं शिकवण्यासाठी दिलेत, तर त्या दिवसांचं मानधन संघटनेच्या वर्गणीतून, गावातल्या देणगीदारांकडून किंवा शाळा-महाविद्यालयांच्या कौशल्य अभ्यासक्रमांतून उभं करता येईल का, याचा विचार पदाधिकाऱ्यांनी करावा. दागेरलाही निवृत्तिवेतन मिळालं होतं.

संघटनांना माझी मागणी थोडक्यात अशी. येत्या १९ ऑगस्टला पूजन आणि सत्कार जरूर करा, आणि त्याच मांडवात प्रत्येक तालुक्यातून निदान पाच स्टुडिओंची नावं जाहीर करा, जे वर्षभर एका मुलाला किंवा मुलीला ठरवून शिकवतील. वर्षाच्या शेवटी त्या मुलांनी काढलेले फोटो मोठ्या आकारात छापून भिंतीवर लावा. मोबाईलच्या पडद्यावर नको, कागदावर. प्रिंट काढल्यावरच मुलाला आपली सावली किती काळी गेली ते कळतं. फोटोखाली मुलाचं नाव आणि शिकवणाऱ्या स्टुडिओचं नाव, दोन्ही लिहा.

माझ्याकडून जे होईल ते असं. आमच्या शाळेचा चित्रकला हॉल उत्तराभिमुख आहे, मोठ्या चार खिडक्या आहेत, दिवसभर सारखा मऊ उजेड येतो. रविवारी तो रिकामा असतो आणि मुख्याध्यापकांनी तो वापरायला परवानगी दिली आहे. छायाभेद, रचना आणि रंग मी शिकवीन. लाईट, लेन्स आणि माणसांशी वागणं तुम्ही शिकवा. सोबत कॅमेरा आणला नाहीत तरी चालेल, तुमच्या कामातले दहा-बारा जुने प्रिंट मात्र आणा, चांगले आणि फसलेले दोन्ही. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत तुम्हालाही जरा सवड असते, दिवाळीचे दिवस सोडून त्यातले रविवार आम्हाला सोयीचे आहेत. संघटनेच्या बैठकीत कोण येणार ते ठरवून शाळेत निरोप पाठवा, म्हणजे त्या हिशेबानं मुलांना बोलावता येईल.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका
सांगली